शून्यच का?

माझा धाकटा भाऊ पोहायला शिकवायचा. चार वर्षांपूर्वी त्याने ते सोडलं आणि बाबांच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसला, तो अजून तिथेच आहे. तलावाच्या व्यवस्थापकबाई दर दोन-तीन महिन्यांनी त्याला परत बोलावतात. या वेळी त्यांनी सोमवारची मुदत दिली होती. सोमवारपर्यंत हो म्हण, नाहीतर आम्ही दुसरा माणूस घेतो. मी रोज त्याच्यामागे भुणभुण लावली होती. तो ऐकून घ्यायचा आणि बाबांची कूस बदलायला उठायचा.

झालं होतं ते असं. बाबा मोठ्या आजारातून उठून घरी आले होते. फुप्फुसं नाजूक होती म्हणून बोटाला चिमटा आणि उशाशी छोटं यंत्र. रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की ते यंत्र अख्खं घर गोळा होईल इतक्या मोठ्याने ओरडतं. त्या दुपारी भाऊ शेजारी पेपर वाचत होता, त्याला डुलकी लागली. जाग आली तेव्हा बाबा निळे पडले होते. जीव वाचला, बाकी फारसं काही वाचलं नाही. आता ते छताकडे बघत असतात आणि आम्हा दोघांपैकी कुणालाही ओळखत नाहीत.

यंत्र माझ्या कंपनीचं. त्यातही त्याच्या पोटातल्या सॉफ्टवेअरचा सगळ्यात खालचा थर, ज्याला कर्नल म्हणतात, त्यावर मी काम करते. त्यामुळे भाऊ जेव्हा म्हणाला, "ताई, ते वाजलंच नाही," तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वाजलंच असणार, मी म्हणाले. हे स्वस्तातलं मॉडेल आहे, वाजल्याची नोंद ठेवत नाही, पण वाजतं नक्की. तू झोपेत बटण दाबलं असशील. नीट आठव. आठ दिवस मी त्याची पाठ सोडली नाही. आठव्या दिवशी तो म्हणाला, "असेल. झोपेत बंद केलं असेन." आणखी आठवडाभराने त्यातला 'असेल' गळून पडला. सगळं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं, आणि फोडणारी मी होते.

आता या सोमवारच्या मुदतीआधीच्या गुरुवारी ऑफिसात माझ्या पुढ्यात एक वॉर्निंग आली.

आम्ही कोड लिहितो, कंपायलर नावाचा प्रोग्रॅम तो यंत्राला कळेल अशा रूपात उतरवतो. उतरवताना काही संशयास्पद दिसलं तर तो वॉर्निंग देतो. चूक आहे असं म्हणत नाही, सावध करतो एवढंच. आम्ही नवा कंपायलर घेतला होता आणि तो नव्या सुनेच्या सासूसारखा प्रत्येक गोष्टीत खोट काढत होता. एकशे बारा वॉर्निंगा होत्या. त्या तीन आठवड्यांत निस्तरत निस्तरत एक उरली होती.

आमच्याकडे बिल्ड, म्हणजे तयार झालेलं सॉफ्टवेअर, पुढे सोडायचं काम ज्याच्याकडे आहे त्याला सगळे हवालदार म्हणतात. एक वॉर्निंग असली तरी तो फाटक उघडत नाही. माणूस वाईट नाही, पण विनोद सांगितला तर त्याचा पुरावा मागेल.

"ती एक राहिली आहे," तो माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला. "जेवायच्या आधी होईल?"

"चहाच्या आधी होईल," मी म्हणाले.

वॉर्निंग बॅटरीच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे बॅटरीच्या चिपशी बोलणाऱ्या कोडमध्ये होती. मजकूर नेहमीचाच: 'निकाल' या नावाची जी जागा आहे, तिच्यात काही न भरताच ती वापरली जाण्याची शक्यता आहे. असल्या वॉर्निंगवर आमच्या धंद्यात एक घरगुती इलाज आहे आणि तो सगळेच करतात. जागा तयार करतानाच तिच्यात शून्य भरून ठेवायचं. 'निकाल' च्या पुढे बरोबरचं चिन्ह आणि शून्य. कंपायलर गप्प. मी तेच केलं. हात आपोआप गेला, डोकं लागलंच नाही. बिल्ड स्वच्छ झालं.

पण हवालदाराने त्या महिन्यापासून एक नवीन टूम काढली होती. वॉर्निंग मिटवली की खाली एक ओळ लिहायची: हीच किंमत का दिली? मी लिहायला घेतलं, 'शून्य दिलं कारण', आणि पुढे काही सुचेना. कारण वॉर्निंग जावी म्हणून, हे काही कारण नव्हे. मी चिडले, हवालदाराला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि कोड पहिल्यांदाच नीट वाचला.

तो भाग बॅटरीच्या चिपला विचारतो, किती मापं आली आहेत? जितकी आली तितक्या वेळा फेरी मारून एकेक माप वाचतो, आणि प्रत्येक फेरीत 'निकाल' मध्ये नीट वाचलं की नाही ते लिहितो. आता एकही माप आलं नसेल तर? फेरी होणारच नाही. 'निकाल' मध्ये कुणीच काही लिहिणार नाही. मी आधी भरलेलं शून्य तसंच वर जाईल. आणि कर्नलमध्ये शून्याचा अर्थ असतो, सगळं ठीक आहे, आधीचाच आकडा दाखवत राहा.

बॅटरीचं ठीक आहे, मरेना का बॅटरी. पण हा कोड कुणीतरी दुसरीकडून उचलला होता, वर तशी टीपच होती. ऑक्सिजनच्या ड्रायव्हरवरून घेतला आहे.

मी तो ड्रायव्हर उघडला. तशीच फेरी, तसाच 'निकाल'. इथे वॉर्निंग का येत नव्हती ते लगेच दिसलं. तिथे शून्य आधीच भरलेलं होतं. कुठली ओळ कुणी आणि कधी लिहिली याची नोंद आमच्याकडे असते. ती काढली. नऊ वर्षं जुनी ओळ, सोबत तीन शब्दांचा खुलासा, 'वॉर्निंग बंद केली', आणि त्यापुढे माझं नाव.

मी उठून पाणी प्याले. मग परत येऊन बसले आणि स्वतःला समजावलं की असं कधी होत नसणार. चिमटा बोटातून निघाला तर मापं येतच राहतात, 'बोट नाही' अशी. ते आम्ही शंभरदा तपासलं होतं. मापं पूर्ण बंद व्हायला चिमट्याची वायर यंत्राच्या बाजूने सैल व्हायला हवी. झोपेत कुशीवर वळणाऱ्या माणसाच्या अंगाखाली वायर ओढली गेली, तर होते तशी.

कपाटातून त्याच मॉडेलचं यंत्र काढलं. चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. सत्त्याण्णव. मग वायरचं टोक यंत्रातून अर्धं पेर बाहेर ओढलं.

सत्त्याण्णव.

चिमटा बोटातून काढून टेबलावर ठेवला. तरीही सत्त्याण्णव. शेजारचा हिरवा ठिपका नाडी चालू असल्यासारखा लुकलुकत होता. मी अकरा मिनिटं त्याच्यासमोर बसून राहिले. यंत्राने तोंडातून अक्षर काढलं नाही. भावाचा फोन आल्यावर ऑफिसातून धावत बाबांच्या खोलीत गेले होते त्या दुपारी पडद्यावर शहाण्णव होतं, ते मला आठवलं. मला तेव्हा वाटलं होतं की बाबांना उचलून बसवल्यावर आकडा परत वर आला असेल. वायर निघालेली होती, तीही मी पाहिली होती. उचलताना निघाली असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

मला रडू येईना.

हवालदाराला बोलावून दाखवलं. त्याने पुरावा मागितला नाही. खुर्ची ओढून त्या ठिपक्यासमोर बसला.

"किती घरांत आहे हे?" त्याने विचारलं.

"तुला जास्त माहीत. फाटक तुझं आहे."

दुरुस्ती दोन अक्षरांची होती. शून्याच्या जागी उणे पाच, म्हणजे 'वाचता आलं नाही'. तेवढं वर गेलं की यंत्र ओरडतं. मी ती दहा मिनिटांत केली, तपासली, आणि तिथेच सगळं अडकलं. शुक्रवारी सकाळी कंपनीचे वकील आले. आधी चौकशी, मग मंजुरी, मग दुरुस्ती. कमीत कमी सहा आठवडे, आणि तोवर बाहेर एक शब्द जाता कामा नये. मी म्हणाले, लोकांच्या उशाशी आहे हो ते. वकीलबाई म्हणाल्या, म्हणूनच घाई करायची नाही. हवालदार उठून उभा राहिला, काहीतरी बोलणार होता, पण त्याला पुन्हा बसवलं गेलं. कंपनीची डिजिटल सही असल्याशिवाय यंत्र कुठलंही सॉफ्टवेअर आत घेत नाही, आणि ती सही त्याच सकाळी कुलपात गेली. माझीच दुरुस्ती मला माझ्याच बापाच्या यंत्रात घालता येत नव्हती.

गप्प बसायचं मला जमणार नव्हतंच. वकील गेले खड्ड्यात. मला एवढंच दिसत होतं की सोमवारच्या आत त्याला सांगितलं तर तो सुटेल.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा भाऊ बाबांच्या टाचांना तेल लावत होता. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शून्य, फेरी, वायर, माझं नाव. तो तेल चोळत राहिला.

"ताई, पुरे," तो शेवटी म्हणाला. "डॉक्टर म्हणाले होते की जाग आली असती तरी उपयोग नव्हता, तेही तूच सांगितलं होतंस. मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते असं काहीच बोलले नव्हते."

"तेव्हा मी खोटं बोलले. आता नाही बोलत."

"तुला मला तलावावर पाठवायचंय. कळतं मला. वाईट वाटून घेऊ नकोस."

मी पुढे होऊन यंत्राची वायर अर्धवट ओढली. पडद्यावर चौऱ्याण्णव होतं. ते चौऱ्याण्णवच राहिलं. बाबांच्या बोटातला चिमटा काढून त्याच्या हातात दिला. तो आकड्याकडे बघत राहिला, मग चिमट्याकडे, मग परत आकड्याकडे. एक मिनिट गेलं असेल. मग त्याने घाईघाईने वायर आत दाबली आणि चिमटा बाबांच्या बोटाला लावला.

"बघितलंस?" मी म्हणाले. "ते वाजलंच नव्हतं. तू पहिल्या दिवशी सांगितलं होतंस तेच खरं होतं."

"हे आज नाही वाजलं," तो म्हणाला. "त्या दिवशी वाजलं होतं. तीनदा वाजलं. मी उठलो, बटण दाबलं आणि परत बसलो. बटण गार होतं, एवढंसुद्धा आठवतंय मला."

"अरे, ते मी तुझ्या तोंडी घातलं! आठ दिवस तेच तेच बोलून मी..."

"तू काय सांगणार मला? तू तिथे होतीस का?"

मी नव्हते. मी ऑफिसात होते. नऊ वर्षांपूर्वीची ओळ मी शोधून काढली होती, तारखेसकट. पण त्याच्या डोक्यात मी काय लिहिलं आणि ते आता कुठे कुठे पसरलंय, हे कुठल्याच नोंदीत सापडणार नव्हतं. मी त्याच्या पायाशी जमिनीवर बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं रे." तो मान हलवून म्हणाला, "असू दे." मला तो रागावला असता तर बरं वाटलं असतं.

थोड्या वेळाने त्याने यंत्राकडे बोट दाखवलं. "मग हे आता वाजेल की नाही?"

"वायर नीट असेल तर वाजेल."

"आणि सैल झाली तर?"

मी वायरचं टोक पुन्हा आत दाबून पाहिलं.

"मी रात्री याच्या भरवशावर झोपतो, ताई. चार वर्षं."

"सहा आठवडे काढायचे आहेत फक्त. नाहीतर दुसऱ्या कंपनीचं आणू या. उद्याच आणते."

"त्याच्या पोटात काय लिहिलंय ते तुला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. आपल्यासारख्याच कुणीतरी तेही लिहिलं असेल, जेवायच्या आधी संपवायच्या घाईत. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही, पण त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला कळलं.

त्याने हात पुसले, फोन उचलला आणि तलावाच्या बाईंना लावला. नम्रपणे बोलला. नाही, सोमवारपर्यंत थांबायची गरज नाही, तुम्ही दुसरा माणूस घ्या. नाही, नंतरचंही काही सांगता येत नाही. मुलांना सांगा, खोल पाण्यात घाई करू नका. मी मध्ये हात घालून फोन काढून घ्यायला हवा होता. मी तिथेच बसून राहिले.

फोन ठेवून त्याने बाबांच्या छातीवर तळहात टेकवला, श्वास हाताला लागेल असा, आणि मला विचारलं, "पहिली पाळी तुझी की माझी?"

"माझी," मी म्हणाले.

त्याने माझा हात घेऊन स्वतःच्या हाताच्या जागी ठेवला, बोटं नीट पसरवली, आणि कुठे कसं लागतं ते मला समजावून सांगितलं.