ओट्यावर चढवलेला पूरदगड

त्या गुरुवारी वस्तीत रोजचीच गडबड होती. पुराचा गाळ उपसून झाला होता, गोधड्या उन्हात पडल्या होत्या. अकराच्या सुमारास शेजारचे झुलालभाऊ रिक्षा घेऊन इस्पितळातून आले. थेट हसीनाबींच्या दाराशी गेले आणि चप्पल काढून उभे राहिले. हसीनाबींचे नवरे नजीरभाई वारले होते.

मी दहा पावलांवर होतो. मी खडकपट्टीचा पूरदगड. धुळ्याच्या कडेला, पांझरेच्या काठी पन्नासेक घरांची ही वस्ती. जात्या-पाट्यांना छिन्नीनं टाकी लावणाऱ्या चार कुटुंबांनी ती वसवली. मागून मजूर, भाजीवाले, रिक्षावाले आले. पुराचं पाणी चढेल तिथं माझ्या अंगावर रेघ मारायची, हा इथला रिवाज. पहिली रेघ नजीरभाईंच्या आजोबांची, शेवटच्या तीन नजीरभाईंच्या. सर्वांत वरच्या, मोठ्या रेघेला पाणी टेकायच्या आत घर सोडायचं, हे इथं सगळ्यांना ठाऊक.

मग समोर नवा पूल झाला. त्याच्या खांबावर निळी-पांढरी पट्टी रंगवली, वरच्या टोकाला धोक्याचा लाल रंग दिला, आकडे घातले. माणसं थांबून तिचे फोटो काढू लागली. खरं सांगतो, माझा जळफळाट झाला. इतकी वर्षं चिखलात उभा राहिलो मी, आणि पाणी किती आलं ते विचारायचं या नटवीला!

नजीरभाईंनाही ते खुपलं. "तिले काय कळस? कालनी पोर ती," म्हणाले. वर्गणी काढून हातभर उंच ओटा बांधला, मला त्यावर बसवलं, गेरू लावला. सिमेंट त्यांनी स्वतः कालवलं. मी ऐटीत पट्टीकडे पाहिलं. मी हातभर वर गेलो तशा माझ्या रेघाही वर गेल्या, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. जन्म दगडात गेलेल्या नजीरभाईंच्याही नाही.

यंदा, त्या गुरुवारच्या आठवडाभर आधी, सकाळीच पाणी वाढलं. हसीनाबी नातवंडांना घेऊन पुढे गेल्या. झुलालभाऊ ओरडत आले, "नजीरभाऊ, चाल ना भो! पट्टीना लाल रंगले पाणी लागनं!"

"पट्टीनं नाव माले सांगू नको. दगड देख. मोठी रेघ आजून हातभर वर शे. च्या पी, मंग जाऊत."

झुलालभाऊ हसले, दोर आणायला वळले. चहाला उकळी यायच्या आत मागची भिंत नजीरभाईंच्या अंगावर आली.

नजीरभाई गेल्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर हसीनाबींनी त्यांची छिन्नी झुलालभाऊंच्या हातात दिली. माझ्यावर सुकलेल्या गाळाच्या खुणेवर त्यांनी ती टेकवली आणि थांबले. ओट्याची उंची हाताने मोजली. पुन्हा मोजली.

"भाभी, हाई रेघ खोटी पडी."

हसीनाबींनी ओट्याच्या सिमेंटवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तो पहले इसको नीचे उतारो."

रविवारी उतरवू, असं ठरलं. त्यानंतर पुष्कळ रविवार गेले.

पट्टीचा हेवा मला आजही वाटतो, पण तिच्या रंगाचा नाही. ती आपल्या जागेवरून हलली नाही, एवढ्याचाच. कोणीतरी चौघं या. पहार लावा. गेरू निघाला तर निघू द्या.

मी अजून ओट्यावर आहे. यंदाची रेघ मारलेली नाही.