पाऊणकीची भरती

विनिता नाखवा नववीला गणित शिकवायची. पनवेलच्या त्या शाळेत दर दुसऱ्या शनिवारी मुंबईच्या विद्यापीठातली प्राध्यापक मंडळी येत. शिक्षकांनी आणि प्राध्यापकांनी मिळून धडे तयार करायचे, अशी ती योजना होती. प्रत्यक्षात प्राध्यापक बोलत आणि शिक्षक माना डोलावत. विनिताही डोलवायची. २००९ च्या ऑक्टोबरात मात्र तिची मान डोलेना.

झालं होतं असं. डॉ. हेतल शाह यांनी सरळ रेषेच्या आलेखावर एक धडा बेतला होता. रिक्षाचं मीटर, किलोमीटर आणि भाडं. धडा देखणा होता. विनितानं तो वर्गात घेतला, तेव्हा मागच्या बाकावरून निकेश म्हणाला, "बाई, पनवेलात रिक्षा मीटरनं चालते कुठं?" वर्ग जो हसत सुटला, तो घंटा होईपर्यंत.

शनिवारी सगळे "छान झाला, छान झाला" म्हणत असताना विनिता उभी राहिली. "मॅडम, माझ्या वर्गात तो धडा आपटला."

शेजारी बसलेल्या विज्ञानाच्या धर्मराज सरांनी तिला बसायची खूण केली. हेतल मॅडमनी चष्मा काढला. वाईट वाटलेलं लपवायचाही प्रयत्न केला नाही त्यांनी. मग म्हणाल्या, "बरं. मग तुमच्या मुलांच्या जगात सारख्या गतीनं काय वाढतं?"

विनिताच्या तोंडून निघून गेलं, "भरतीची वेळ."

आणि मग तिला सांगावंच लागलं, की ती मोरा बंदराच्या कोळीवाड्यातली. आई सोनाबाई शाळेची पायरी चढलेली नाही, पण तिला पाऊणकी तोंडपाठ. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एवढ्या वर्षांत हे तिनं शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. घरचं, मासळीचं, शाळेत कशाला?

हेतल मॅडम खडू घेऊन फळ्याकडे धावल्याच. "थांबा, थांबा! तीस तिथींत भरती पूर्ण चोवीस तास पुढे सरकते. म्हणजे तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. पंधरवड्यात पाऊण तासाची चूक! एवढी चूक घेऊन तुमची माणसं समुद्रात जातात?"

"जातात," विनिता म्हणाली. "आणि वेळेवर परत येतात."

"मग मोजू या!"

दिवाळीची सुट्टी लागली. भाऊबीजेला विनिता माहेरी जायचीच, यंदा पाडव्यालाच गेली. पाठोपाठ हेतल मॅडम मुंबईहून लाँचनं मोऱ्याच्या धक्क्यावर उतरल्या. खांद्याला झोळी, हातात फराळाचा डबा. धर्मराज सर पनवेलहून एसटीनं आले. त्यांनी बांबूवर वीतवीत अंतरावर रंगाचे पट्टे मारून आणले होते. धक्क्याच्या कडेला तो बांबू बांधला.

पहिलाच घोटाळा असा, की भरती नेमकी पूर्ण कधी झाली ते कळेना. वर आलेलं पाणी बराच वेळ हलतच नव्हतं. युक्ती मॅडमनी सांगितली. चढताना पाणी एका पट्ट्याला टेकलं ती वेळ लिहायची, उतरताना त्याच पट्ट्याला आलं ती वेळ लिहायची, दोन्हींचा मध्य काढायचा. विनिताला टाळी द्यावीशी वाटली. इतकी साधी गोष्ट!

सोनाबाई सुकटीची टोपली घेऊन तिथंच बसायची. "शिकलेली मानसं पानी मोजतात," ती शेजारणीला सांगायची. "द्येवानं मोजलेलं हाय ते!"

आलेखाच्या कागदावर रोज एक ठिपका पडत गेला. षष्ठीपर्यंत ठिपके शहाण्यासारखे ओळीत आले. भरती रोज चाळीसेक मिनिटांनी पुढे जात होती. आणि मग ते बिथरले. अष्टमीहून नवमीला भरती एकदम सव्वा तासानं पुढे गेली. आलेखाची रेष मान वर करून उठली.

"आपलं काहीतरी चुकलं," धर्मराज सर म्हणाले.

विनितानं आकडे पुन्हा तपासले. बरोबर होते. तिनं आईला विचारलं, "आये, नवमीला पाऊणकी का नाय जुळली?"

सोनाबाईनं तिच्याकडं असं पाहिलं, जसं लहानपणी पाढा चुकल्यावर पाहायची. "भांग हाय ना आता, आठमीची बारकी भरती. भांगाला पानी मरतं, गनित मोडतं. डोल जाळी आमी उधानाला लावतो. भांगात हिशेब कोन करतं?"

मग हेतल मॅडम धक्क्यावर अक्षरशः उडी मारून उभ्या राहिल्या. "विनिताताई! उधाणाच्या, म्हणजे अमावस्या-पुनवेनंतरच्या दिवसांत भरती चाळीस मिनिटांनी सरकते. माझे अठ्ठेचाळीस महिन्याच्या सरासरीचे आहेत. आईंचे पंचेचाळीस या दिवसांना जास्त जवळचे! ज्या दिवसांत जाळं टाकायचं, त्याच दिवसांसाठी केलेला नियम आहे हा! मी सरासरी काढली, यांनी कामाचं काढलं!"

आईचा पाढा आणि विद्यापीठाचं गणित एकाच कागदावर होतं, आणि कागद तिच्या हातात होता.

सोनाबाई म्हणाली, "बाय, उडी मारू नको, धक्का शेवाळलेला हाय."

सुट्टी संपल्यावर विनितानं तो धडा घेतला. आधी मुलांना पाऊणकी म्हणायला लावली, मग रेष काढायला लावली, मग खरे ठिपके फळ्यावर मांडले. मॅडम मागच्या बाकावर निकेशशेजारी दाटीवाटीनं बसल्या होत्या. रेष जिथं मोडली तिथं वर्गात गलका उठला. "बाई, चुकलं!" "नाय रे, भांग असेल!" ज्यांनी कधी हात वर केला नव्हता, तेही उभे राहून बोलत होते.

तेवढ्यात पनवेलच्या कोळीवाड्यातली कोमल म्हणाली, "बाई, आमच्या खाडीला हे आकडे लागू नाहीत. मोऱ्याला पाणी भरलं तरी इथं उशिरानं भरतं. माझे बाबा सांगतात."

विनितानं मागे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. "किती उशिरानं, मला माहीत नाही."

"मलाही नाही," विनिता म्हणाली, आणि तिला वर्गासमोर हे म्हणताना लाज वाटली नाही, उलट मजा वाटली.

पुढं तो धडा जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळांत गेला. त्यावर पहिलं नाव विनिता नाखवा यांचं होतं, मॅडमनी हट्टानं घातलेलं. सोनाबाईंचं नाव नियमाखाली छापलं होतं. पण ते नंतर. त्या दिवशी दुपारी शाळा सुटली तेव्हा अख्खी नववी नवा बांबू घेऊन खाडीकडे निघाली होती, आणि बाई आणि मॅडम दोघी पुढं चालत पट्टे किती अंतरावर मारायचे यावरून भांडत होत्या.