इंजिनरूमचं दार

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी जोतीराम चौगले पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरायला शिकला, तेव्हा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लोकांनी एकमेकांकडं बघून माना हलवल्या. पोरगा समुद्रात गेला आणि बापाचं डोकं फिरलं, असंच ज्याला त्याला वाटलं. जोतीरामनं कुणाला काही सांगितलं नाही. पंचगंगेत पोहून वाढलेला गडी, पाण्याची भीती त्याला कधीच नव्हती. सलग आठ रविवार त्यानं तरण तलावात शिकण्यात घालवले आणि नोव्हेंबर लागल्यावर बायकोला म्हणाला, "कोकणात जाऊन येतो."

चिमणाबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "काय ऱ्हायलंय तितं आता?"

"पोरगं गेलं ती जागा बघून येतो."

हे खरं होतं, पण अर्धंच.

तीन वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं जोतीरामला आणि त्याच्या चार माणसांना किनाऱ्यावर नेलं होतं. एक जुनं मालवाहू जहाज मुद्दाम बुडवायचं होतं. त्याच्यावर शिंपले धरतील, मासे वस्तीला येतील आणि ते बघायला पर्यटक बुड्या मारतील, असा बेत होता. बुडवण्याआधी आतली सगळी दारं कापून काढायची, माणूस अडकेल अशी एकही जागा ठेवायची नाही, हे जोतीरामचं काम. शेवटच्या दिवशी इंजिनरूमचं एक लोखंडी दार तेवढं राहिलं. कटरचा गॅस संपला होता आणि जहाज ओढून न्यायला बोट येऊन उभी होती. दार उघडंच होतं आणि गंजून असं बसलं होतं, की दोघांनी रेटूनही तसूभर हललं नाही. "असू दे, ते काय बंद होतंय आता," ठेकेदार म्हणाला. जोतीरामनं कापलेल्या दारांच्या यादीत त्या दारापुढंही बरोबरची खूण केली.

त्याचा मुलगा विश्वजित त्याच कामावर होता. जहाज पाण्याखाली जाताना बघितलं आणि त्याला काय वाटलं कोण जाणे, तो तिथंच राहिला. बुड्या मारायला शिकला, पर्यटकांना खाली नेणाऱ्या एका बोटमालकाकडं गाईड झाला. बापाचं चांगलं चाललेलं लोखंडकामाचं शेड सोडून पोरगा पाण्यात खेळायला गेला, म्हणून चिमणाबाई धुसफुसायची. आणि गेल्या जानेवारीत फोन आला. एक पर्यटक भलतीकडं, इंजिनरूममध्ये शिरला होता. विश्वजितनं मागोमाग जाऊन त्याला बाहेर ढकललं. पर्यटक घाबरून सरळ वर आला. विश्वजित आला नाही. कागदावर लिहिलं गेलं, की गाईड नियम मोडून आत गेला, हवेचा अंदाज चुकला. दाराचा उल्लेख त्यात कुठंच नव्हता. जोतीरामनं तो कागद पुन्हा पुन्हा वाचला होता.

पहाटेच्या एस.टी.नं तो गगनबावड्याचा घाट उतरून खाली गेला. दहाच्या सुमाराला सम्राट त्याला धक्क्यावर घ्यायला आला. सम्राट गारगोटीचा, विश्वजितच्याच वयाचा, त्याच्याच बरोबर गाईड म्हणून काम करणारा. त्यानं वाकून पाया पडायला हात पुढं केले, तसं जोतीरामनं त्याला धरलं. दोघं बोटीतून जहाज बुडवलेल्या जागी गेले. उतरायच्या आधी सम्राट एवढंच म्हणाला, "काका, वरच्या डेकपतूर जाऊ. आत न्हाय शिरायचं. मी खूण केली की माघारी."

"इंजिनरूमच्या तोंडापतूर ने," जोतीराम म्हणाला.

सम्राटनं त्याच्याकडं एकदा बघितलं आणि तोंडावर मास्क ओढला.

खाली पाणी हिरवं, गढूळ होतं. दोरी धरून उतरताना जोतीरामला स्वतःच्याच श्वासाचा आवाज ऐकू येत होता. मग पायाखाली जहाज आलं. जे पत्रे त्यानं हातानं कापले होते, त्यांच्यावर बोटभर जाड कालवं बसली होती. त्यानं पाडलेल्या भोकांतून मासे ये-जा करत होते. बेत सफल झाला होता. काम चांगलं झालं होतं, एक दार सोडून.

ते दार तिथं नव्हतं.

रिकाम्या चौकटीपुढं जोतीराम थांबला. बिजागऱ्यांच्या पिना ठोकून काढल्या होत्या. त्यानं टॉर्च चौकटीवर धरला. आजूबाजूचं सगळं लोखंड कालवांनी भरलेलं, आणि चौकटीच्या कडेनं मात्र दोन बोटं रुंदीची पट्टी जवळजवळ स्वच्छ. तिच्यावर नुकत्याच धरलेल्या कालवांच्या बारीक टिकल्या होत्या, बस. तीस वर्षं लोखंडात घालवलेल्या माणसाला दुसरा पुरावा नको होता. गंजलेलं दार पाण्याच्या हेलकाव्यानं हळूहळू सुटलं होतं आणि कित्येक महिने चौकटीवर आपटत, घासत होतं. त्या दिवशी ते लाटेबरोबर येऊन तिरकं बसलं असणार. आतून एकट्या माणसाला ते निघालं नसतं. दोन कोल्हापुरी गड्यांच्यानंही ते तेव्हा हललं नव्हतं.

त्यानं पट्टीवर तळवा ठेवला. आत अंधार होता. तो आत वाकला, तेव्हा सम्राटनं त्याचा दंड घट्ट पकडला आणि वर जायची खूण म्हणून अंगठा वर केला. जोतीराम हलला नाही. क्षणभर त्याला वाटलं, इथंच बसावं, टाकी संपेपर्यंत. सम्राटनं दोन्ही हातांनी त्याला ओढलं, आणि दोरीपर्यंत ओढतच नेलं.

खोल पाण्यातून आल्यावर लगेच घाट चढला तर उंचावरच्या विरळ हवेनं अंगाला अपाय होतो, त्यामुळं त्याला रात्र तिथंच काढायची होती. दुपारी दोघं सम्राटच्या खोलीच्या ओट्यावर बसले. पुढ्यातलं जेवण निवून गेलं.

"दार कुणी काढलं?" जोतीरामनं विचारलं.

सम्राटनं ताट बाजूला सारलं. "मालकानं. पंचनाम्याच्या आधी."

"तू बगितलंतास?"

"मीच गेलतो विश्वाला आणायला," सम्राट म्हणाला. "दार बंद हुतं, काका. पहार लावून उघडलं मी. त्यो दाराला टेकूनच हुता. हातमोजं फाटलंतं त्येचं."

जोतीरामनं डोळे मिटून घेतले.

"मालक म्हणला, दाराचं नाव काढलंस तर सगळं बंद पडंल, तुझं लायसनबी जाईल. घरात आय आजारी. मी गप बसलो."

"ते दार काढायचं काम माझं हुतं," जोतीराम म्हणाला. "मी सोडलंतं."

सम्राटनं त्याच्याकडं बघितलं. रागावेल, काही बोलेल, असं जोतीरामला वाटलं. निदान तसं व्हावं अशी त्याची इच्छा होती. पण सम्राटनं ताट उचललं आणि आत गेला.

संध्याकाळी जोतीरामनं विचारलं, "माझ्यासंगं येऊन सांगशील का हे? विश्वावरचा ठपका तरी निघंल."

"न्हाय जमायचं, काका," सम्राट म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, पण तो नाहीच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोतीराम घरी आला. चिमणाबाईनं पाण्याचा तांब्या दिला आणि समोर बसली. त्यानं तिला सगळं सांगितलं. दार, यादी, चौकटीवरची पट्टी. हातमोज्यांचं तेवढं सांगितलं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दहा म्हैनं मी त्येलाच शिव्या देत बसलो. नियम मोडून मेला म्हणून. दिवा लावतानाबी मनात राग असायचा."

"व्हय."

"तुमाला कवा कळलं?"

इथं तो खोटं बोलू शकला असता. "खात्री काल झाली. पर संशय पैल्या दिवसापास्नं हुता."

"आन् मला शिव्या दिऊ दिल्या."

ती उठली, रिकामा तांब्या मोरीत ठेवला आणि तिथंच पाठमोरी उभी राहिली. तिच्या खांद्यावर हात ठेवायला तो उठला, पण दोन पावलं अलीकडंच थांबला.

सोमवारी त्यानं अर्ज लिहिला आणि पुन्हा घाट उतरून अपघाताची फाईल होती त्या सरकारी कार्यालयात तो गेला. चूक आपली, पोराची नव्हे, असं स्वच्छ लिहिलं होतं. टेबलापलीकडच्या साहेबानं अर्ज दोनदा वाचला.

"दार कुठं आहे?"

"काढून टाकलंय, साहेब."

"बघणारा कोणी?"

जोतीरामच्या जिभेवर सम्राटचं नाव आलं आणि तिथंच राहिलं. "चौकटीवर घासल्याची पट्टी हाय," तो म्हणाला. "कुणालाबी खाली पाठवा, मी दाखवतो. पर लवकर पाठवा. वर्षभरात कालवं धरतील, मग दिसायचं न्हाय."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं अर्ज घडी घालून परत दिला. "दुःखात माणूस स्वतःला दोष देतो, पाटील," तो हळू आवाजात म्हणाला. "फाईल बंद झालीय. घरी जा."

आपण पाटील नव्हे, चौगले, हे सांगायचंही जोतीरामला सुचलं नाही.

घरी आला तेव्हा चिमणाबाई तांदूळ निवडत बसली होती.

"घेतला अर्ज?"

"न्हाय."

"मग आता?"

तो उंबऱ्याशी उभा राहिला. अंगात शर्ट तसाच, खिशात घडी घातलेला कागद. तिनं पुन्हा तांदळात बोटं घातली.