फ्रीजरमधला आठवडा

कोहक्यातल्या आपल्या घराच्या स्वयंपाकघरात देवाजींनी पाय टाकला आणि मोजा चिंब ओला. फ्रीजखालून पाणी वाहत होतं. शनिवारी संध्याकाळी सगळे भंडाऱ्याला बारशाला गेले होते, रविवारी दुपारी परतले, आणि हे! देवाजींना आधी आठवला तो मेन स्विच.

तीस वर्षं स्टील प्लांटच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये घालवलेला माणूस. तिथे शटडाउन घेतल्याशिवाय, म्हणजे वीज बंद करून घेतल्याशिवाय, कशाला हात लावायचा नाही, आणि घरी मेन स्विच पाडल्याशिवाय गावाला जायचं नाही. रिटायर झाले म्हणून सवय सुटते होय! काल निघताना, फ्रीजर भरलेला आहे हे विसरून, त्यांच्याच हाताने खटका खाली ओढला होता.

आणि फ्रीजरमध्ये सुनेचा अख्खा आठवडा होता. उन्नती नेहरू नगरच्या कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायची. दर शनिवारी सकाळी ती मटार सोले, मेथी निवडून उकडे, कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजे, मटकीला मोड काढे, आणि सगळं चपट्या पुड्यांत भरून, वर तारीख टाकून रची. मग रोज क्लासहून आली की अर्ध्या तासात गरमागरम पान वाढलेलं! प्लांटच्या स्टोअरमध्येही देवाजींनी अशी शिस्त पाहिली नव्हती. पण देवाजींच्या पत्नीने, कौशल्याबाईंनी, सुनेला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, घरच्यांच्या जेवणाची एक दिवस आबाळ झाली, की क्लास बंद.

"बिघडली न मशीन?" कौशल्याबाई कडाडल्या. "आता हप्ताभर काय खाऊ घालशीन? सांगून दे क्लासवाल्याले, उद्यापासून येत नाही म्हणून!"

खटका आपणच पाडला हे सांगायचं देवाजींना धाडसच होईना. लाज वाटली स्वतःची.

उन्नतीने पदर खोचला. एकेक पुडी दाबून पाहिली, हुंगली. वरच्या दोन सरळ फेकल्या. बाकीच्या मऊ पडल्या होत्या, पण थंडगार होत्या. थंडीचे दिवस, त्यात ठासून भरलेलं, आतल्या पुड्यांत तर अजून बर्फ होता.

"कच्चं पुन्हा बर्फात जमवाचं नाही, आई. आताच शिजवून टाकतो, मंग जमवता येते. फक्त तुमच्या डब्यातल्या वड्या द्या न मले."

कौशल्याबाईंचे ते डबे! उन्हाळ्यात गच्चीवर वाळवलेल्या मूगवड्या, सांडगे, वर्षभराची बेगमी. सख्ख्या बहिणीलाही झाकण उघडू दिलं नव्हतं. आज त्या पुटपुटत उठल्या आणि डबा आणून आदळला.

मग काय विचारता! चारही शेगड्या पेटल्या. एकीवर मटकीची उसळ, दुसरीवर मटाराची आमटी, तिसरीवर मेथीचं वरण, चौथीवर वाटणाच्या रश्श्यात सासूच्या वड्या रटरटताहेत. उन्नतीचा हात थांबत नव्हता, आवाज चढत नव्हता. शिजलं की पसरट ताटात निववायचं, डब्यात भरायचं, फ्रीजरमध्ये लावायचं. पाच वाजता आठवडा पुन्हा जागच्या जागी. काय पोरगी आहे, देवाजी मनात म्हणाले, आणि आपण भित्रे!

रात्री वड्यांचा रस्सा पानात पडला तसं देवाजींनी पान जरा पुढे सारलं.

"मशीन नाही बिघडली," ते एकदम म्हणाले. "मीनं मेन स्विच पाडला होता. सूनबाईची काहीच चूक नाही."

"मले माहीत हाये, बाबा," उन्नती म्हणाली. "तुम्ही रिक्षातून सामान उतरवून राहिले होते, तवा मीच वर केला."

कौशल्याबाईंचा हात पानावरच थांबला. "माहीत होतं? मंग बोलली कावून नाही? मी तं तुया क्लास बंद करून राहिलो होतो!"

"बोलली असती तं तुम्ही बाबाले महिनाभर जेवू दिलं नसतं, आई."

देवाजींना हसू आलं आणि डोळेही भरले. कौशल्याबाईंनी सुनेच्या पानात रश्श्याचा डाव ओतला.

"जास्त बोलू नको. सकाळी लवकर क्लासाले जाचं हाये न तुले? जेव पोटभर. अन् उद्या कोणता डबा काढाचा ते सांगून जा, गरम करून ठेवीन."