पहिल्या घावाचं नाव

सुतार सेवास्त्यानकाकांची कुऱ्हाड नव्या घराच्या पायाच्या पहिल्या ओंडक्यात रुतली आणि नेमकी त्याच क्षणी तैसिया जिवाच्या आकांताने ओरडली, "लुक्यान!"

तिचा तरी काय दोष? ढिगावरचा एक ओंडका सुटून तिच्या नवऱ्याच्या पाठीवर येत होता. हाक ऐकून लुक्यानने उडी मारली आणि ओंडका धडधडत पार पिनेगा नदीच्या काठापर्यंत गेला. नवरा वाचला. पण घर बांधायला जमलेले सोयरे आणि मित्र मात्र पांढरेफटक पडले. पहिला घाव पडताना ज्याचं नाव निघतं, त्याचा जीव घेऊन ते घर उभं राहतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तर जाणता सुतार घाव घालताना ओठातल्या ओठात कावळ्याचं नाव घेतो आणि बाकीचे तोंडाला कुलूप लावतात.

"ओंडका बदलू या की," लुक्यानचा मित्र प्रोखोर म्हणाला.

"ओंडका बदलशील रे, जागा कशी बदलशील?" काका पुटपुटले. "नाव जागेला लागतं."

"मी मेलो तर छत कोण चढवणार, हा प्रोखोर? चला, उचला!" लुक्यान हसला.

त्याची आई माव्रा हसली नाही. तिने सुनेकडे एकदाच पाहिलं आणि तिच्याशी बोलणंच टाकलं. तैसियाने मान खाली घातली. पोराचं नाव मातीत घालणाऱ्या सुनेशी कोण बोलेल?

पुढे दीड महिना काम चाललं. ओंडक्याला खाच पाडायची, फटीतून वारा येऊ नये म्हणून ओलं शेवाळ अंथरायचं, वर दुसरा ओंडका बसवायचा. शेवाळाच्या टोपल्या वाहताना तैसिया सारखी वर बघायची. लुक्यान भिंतीवर पाय टाकून बसला की ती बरोबर त्याच्या खाली जाऊन उभी राहायची. तो नुसता खोकला तरी ती जेवण टाकून उठायची.

"वहिनी, दावणीला बांधून ठेवा याला!" प्रोखोर चिडवायचा. तिने खरंच बांधला असता.

छत चढलं, दार बसलं, लुक्यान धडधाकट होता. तरी भीती जाईना. आता फक्त गृहप्रवेश उरला होता. नव्या घराचा उंबरठा जो पहिला ओलांडतो, तो घरात पहिला मरतो. म्हणून लोक आधी मांजर आत सोडतात. तैसियाने मनाशी ठरवलं, आपणच आधी जायचं. मग मरणाला आधी आपल्याकडे यावं लागेल आणि लुक्यानचा नंबर मागे पडेल.

प्रवेशाच्या दिवशी अंधुक दिसायला लागताच तिने मांजर टोपलीखाली झाकलं आणि अनवाणी निघाली. ती काही शूर नव्हती. उंबऱ्यापाशी येताच तिला रडू फुटलं. मरायचं नव्हतं तिला. शेवटी डोळे घट्ट मिटून तिने पाय आत टाकला.

"दार लोट. वारा येतोय."

भुशाच्या ढिगावर, ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधून, माव्रा बसली होती.

"आई! तुम्ही कधी आलात?"

"उजाडायच्या आत. आणि तू रडू नकोस. हाक मारलीस म्हणून तर पोरगं हाती लागलं माझ्या."

"मग बोलत का नव्हतात माझ्याशी?"

"बोलले असते तर पोटातलं ओठावर आलं असतं. आणि तू काय मला येऊ दिलं असतंस?"

तैसियाला हायसं वाटलं. लुक्यान वाचला, आपणही वाचलो. मग आपल्याला हायसं वाटलं याचीच तिला इतकी भीती वाटली की ती मटकन खाली बसली. तिने सासूचे हात हातात घेतले. ते बर्फासारखे गार होते. ती ते चोळू लागली, पण ऊब येईना.

"उठा ना आई. घरी चला."

"घरीच आहे की गं मी," माव्रा म्हणाली.