ओघ चांगला

"बाई, दोन मिनिटं बोलायचं होतं," ती शिक्षकखोलीच्या दारातूनच म्हणाली, आणि मी मनात म्हटलं, आलीच ही! निकाल लागला की गुण वाढवून मागणाऱ्यांची रांग लागते. ही मागून दुसऱ्या बाकावरची. फ्रेंचच्या तोंडी परीक्षेत मी तिला वीसपैकी चौदा दिले होते. पंधरा मिळाले असते, तर परदेशातल्या शाळेत दोन आठवडे राहायला जाणाऱ्या चौघांत ती बसली असती. ती यादी सकाळीच मुख्याध्यापिकांकडे गेली होती.

गुण वाढणार नाहीत, असं मी आधीच बजावून टाकलं. त्यासाठी आले नाही, म्हणाली.

"बाई, माझी फाइल कोरी होती."

मला आधी कळलंच नाही. हल्ली मुलं घरी चार मिनिटं फ्रेंच बोलून रेकॉर्ड करतात, फाइल पाठवतात आणि बाई ऐकून गुण देतात. हिने मावशीचा फोन घेतला होता आणि त्याचा माईक बिघडलेला. काल आईला ऐकवायला म्हणून लावलं, तर चार मिनिटं नुसती शांतता.

त्या शांततेला मी गुण दिले होते. उच्चार तीन, शब्दसंपत्ती चार, व्याकरण तीन, ओघ चार. वर शेरा मारला होता: ओघ चांगला, नाकातल्या उच्चारांकडे लक्ष द्यावे.

आता लपवून काय करू? सुरुवातीची बरीच वर्षं मी एकूणएक मूल समोर बसवून ऐकलं. मग वर्ग फुगले, फायली आल्या, आणि लेखीवरून तोंडीचा अंदाज बांधता येतो असं माझ्या ध्यानात आलं. हुशाराला अठरा, मधल्याला चौदा, रडतखडत येणाऱ्याला दहा. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. तुमचं कसं बाई पटापट होतं, असं सहकारी कौतुकाने म्हणायचे, आणि मी ते कौतुक खुशाल घ्यायचे.

पलीकडे भूगोलाच्या बाई वह्या तपासत होत्या. यांनी ऐकलं तर नसेल ना, हे माझ्या मनात सगळ्यात आधी आलं. त्याचीच आज सर्वांत जास्त लाज वाटते. मी मुलीला व्हरांड्यात नेलं. काहीतरी घोटाळा झालाय, मी तुझे सतरा करून टाकते, फक्त कुणाकडे बोलू नकोस, असं तिला म्हटलं.

तिने मान खाली घातली. "पण बाई, तुम्ही अजून ऐकलंच नाहीये."

रिकाम्या वर्गात आम्ही समोरासमोर बसलो. ती आईच्या शिवणकामाबद्दल बोलली. तळहात फ्रॉकला पुसत, अडखळत. एक क्रियापद साफ चुकलं, तेव्हा स्वतःच हसली आणि पुन्हा म्हणाली. वाक्यं लहान होती, पण एकही पाठ केलेलं नव्हतं. किती झाले, तिने विचारलं. आता पुन्हा खोटं बोलवेना.

"तेरा."

तिचे डोळे भरले. बरं, म्हणाली, आणि दप्तर उचललं. दारापाशी थांबून तिने विचारलं, "बाकीच्यांचं ऐकलं होतंत ना?"

टोमणा असता तर मी सुटले असते. पोर अगदी भाबडेपणाने विचारत होती. नाही, मी म्हटलं. तिथून थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले, यादी परत मागितली, सगळ्या मुलांचं पहिल्यापासून ऐकते म्हणाले, आणि का तेही सांगितलं.

त्यांनी यादी रद्द करण्याचा कागद पुढे केला. कारणाच्या रकान्यात तांत्रिक अडचण लिहा, विषय संपेल, असं त्यांनी सुचवलं. माझ्या भल्यासाठीच सांगत होत्या बिचाऱ्या. निवृत्तीला मला चारच वर्षं होती.

रकाना जेमतेम एका ओळीचा होता. मी टेबलावर वाकून लिहिलं: 'मी मुलांचं ऐकलं नव्हतं.' खाली सही केली.

त्यांनी कागद दोनदा वाचला. मला बसा म्हणायचं त्यांच्याकडून राहून गेलं, आणि मलाही बसावंसं वाटलं नाही.