पातळ पोह्यांचा बर्फ

आठवडाभर प्रणिताचा जीव थाऱ्यावर नव्हता. बसली की उठावंसं वाटे, उठली की कशाला उठलो ते आठवेना. मंगळवारी बाबांचं ऑपरेशन होतं. घशातली गाठ वाईट निघाली होती आणि डॉक्टर तिच्यासोबत स्वरयंत्रही काढणार होते. बाबा राहणार होते, बाबांचा आवाज जाणार होता. त्या आवाजाचं तिच्याकडे होतं तरी काय? फोनमधले 'पोचलीस का गं' एवढेच दोन-चार तुकडे.

आणि आवाज तरी कुणाचा! प्रणिताचे बाबा दीनानाथ म्हणजे साताऱ्याच्या एसटी स्टँडचा आवाज. उभी नोकरी त्यांनी चौकशीच्या खिडकीमागे माइकसमोर काढली. त्यांनी पुकारलं की झोपलेली पोरं जागी व्हायची, म्हाताऱ्यांच्या हातात पिशव्या यायच्या. प्रणिताची आई गेल्यावर ते लेक-जावयाकडे सिंगापुरात, सेम्बावांगला राहायला आले, आणि इथे पुकारायला काही उरलं नाही.

"बाबा, बोला ना काहीतरी. मी रेकॉर्ड करते."

"काय बोलू?"

"काहीही बोला."

"गाडी लागल्याशिवाय मी कधी माइक उघडला नाही, पनू. रिकाम्या फलाटाला काय पुकारू?"

मग तिने गाडी लावायची ठरवली. इथल्या मराठी मंडळाच्या लघुपट स्पर्धेचं निमित्त काढलं, हिमालयातून घरी परतणाऱ्या म्हाताऱ्यासाठी चार ओळी लिहिल्या. बाबांनी त्या वाचल्या, चष्मा काढला, आणि जुन्या कहाणीतल्या राजाने घालावी तशी अट घातली.

"बर्फ पाडून दाखव. बर्फ पडल्याशिवाय म्हातारा तोंड उघडणार नाही."

सिंगापुरात बर्फ! घामाने कपाळावरची टिकली टिकत नाही त्या गावात.

वाट काढली रुचिरने. तिचा नवरा जुरोंग ईस्टच्या ऑफिसातल्या क्विझ टीमचा कॅप्टन. जगातली निम्मी माहिती त्याच्या डोक्यात आणि घराची किल्ली कुठे आहे ते मात्र नाही. "अगं, सोप्पंय," तो म्हणाला. "जुन्या अमेरिकन सिनेमात बर्फ कशाचा असायचा माहितेय? कॉर्नफ्लेक्सचा! पांढरे रंगवून वरून सोडायचे. काही ठिकाणी तर चक्क ॲस्बेस्टॉस उधळायचे, नटांच्या अंगावर."

"माझ्या घशाला आता तेही चाललं असतं," बाबा म्हणाले. कुणी हसलं नाही, म्हणून ते एकटेच हसले.

"रंगवायचे कशाला?" प्रणिता म्हणाली. "पातळ पोहे आहेत की. जन्मजात पांढरे."

लिटल इंडियातून पिशव्या भरून पोहे आले. पण इथली हवा दमट. पोहे मऊ पडले तर तरंगणार कसे, म्हणून शनिवारी सकाळी तिने ते सगळे मंद आचेवर भाजून घेतले, चिवड्यासाठी भाजते तसेच. हात आपोआप चालत होता. एक पोहा चुरगाळून पाहिला. हलका, कोरडा, कुरकुरीत. तिला बरं वाटलं.

काँडोच्या इमारतीमागच्या हिरवळीवर चादर अंथरली. रुचिर पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पोहे सोडत होता, खाली टेबलफॅन घोंघावत होता, आणि स्वेटर-कानटोपीत घामाने निथळणारे बाबा त्या पांढऱ्या भुरभुरीतून चालत येत होते. कॉलरला माइक, ओठांवर ओळी:

"वाट पांढरी पांढरी, माझं पाऊल उमटेना,
घर दिसतंय डोळ्यांना, पायी अंतर मिटेना."

प्रणिताच्या अंगावर काटा आला. बर्फ खरा वाटला, वाट खरी वाटली. तेवढ्यात झाडावरच्या साळुंक्यांनाही पोहे खरे वाटले. आधी दोन उतरल्या, मग थवाच आला, आणि पाठोपाठ सिक्युरिटीचा माणूस.

"अंकल, नो फीडिंग बर्ड्स लाह! फाइन, यू नो!"

"स्नो," बाबा कानटोपी सावरत गंभीरपणे म्हणाले. "दिस इज स्नो."

माफी मागून, झाडून, आवरून तिघं वर आले. प्रणिताने हेडफोन लावले आणि तिचा चेहरा उतरला. बाबांच्या प्रत्येक पावलाखाली कुरूम, कुरूम, कुरूम. शब्दाआधी कुरूम, शब्दानंतर कुरूम. आवाज होता, पण चिवडा खाणाऱ्या पंगतीत कुणी अभंग म्हणावा तसा.

रुचिरने फोन चाळला आणि हळूच म्हणाला, "अगं... तिकडेही हेच व्हायचं म्हणे. कॉर्नफ्लेक्स इतके वाजायचे, की संवाद नंतर पुन्हा रेकॉर्ड करायला लागायचे. म्हणून पुढे कुणीतरी साबण, साखर आणि आग विझवायच्या फेसाचा बर्फ काढला."

"हे तुला आधी माहीत नव्हतं?"

"होतं बहुतेक. पण क्विझमध्ये पहिला अर्धाच भाग विचारतात गं."

ती त्याच्यावर ओरडणार होती, पण पोहे भाजले तर तिनेच होते. डोळे भरून आले. बाबांना पुन्हा उन्हात उभं करणं शक्य नव्हतं. घसा आधीच बसत चालला होता.

"ते तिकडचे पुन्हा कुठे बोलायचे?" बाबांनी विचारलं.

"आतच. स्टुडिओत. पडद्यावर आपलंच तोंड बघत."

बाबा उठले. "मग चल. ते तोंड हलतंय ना? म्हणजे गाडी लागलीय."

बेडरूममधलं साड्यांचं कपाट उघडलं. दारांवर गोधड्या टाकल्या, पंखा बंद, एसी बंद, रुचिरला कुकर लावायला बंदी. साड्यांच्या कुशीत बाबा स्टुलावर बसले, मांडीवर लॅपटॉप. आणि नवल म्हणजे, शूटिंगमध्ये गुपचूप ऐकणारी प्रणिता आता दामटायला लागली.

"बाबा, 'उमटेना' उशिरा आलं. ओठ आधीच मिटले."

"त्या म्हाताऱ्याला सांग सावकाश बोल म्हणून."

"पुन्हा. आणि हे पुकारू नका, ही काही फलटण गाडी नाही."

"फलटण गाडीला तू कधी नावं ठेवू नकोस!"

पुन्हा, परत पुन्हा. घामाच्या धारा, गोधडीचा वास, आवाजाला पडत चाललेले तडे. एकदा मात्र ओठ आणि शब्द असे मिळाले, की दोघंही श्वास धरून बसले. झालं. तिने रेकॉर्डिंग थांबवलं, जपून ठेवलं, पुन्हा एकदा जपून ठेवलं. मिळालं होतं. तरी जीव शांत होईना. चार ओळी मिळाल्या, माणूस कुठे मिळाला?

"बाबा, आता अजून काहीतरी बोला ना."

"तेच तुझं." बाबांचा आवाज आता घोगरा, खरखरीत झाला होता. "आठवडाभर नुसतं बोला, बोला. विचारलंस का काही?"

कपाटात उकाडा कोंडला होता. इतक्या वर्षांत फोनवर तब्येत आणि हवा सोडून तिने विचारलं तरी काय होतं?

"पुकारताना कधी चुकलात का तुम्ही?" तिने विचारलं.

बाबा हसले. हसता हसता खोकले. "एकदाच. तू झालीस तो निरोप आला तेव्हा. माझं डोकं ठिकाणावर कुठलं? वाईची गाडी कऱ्हाडच्या फलाटावर पुकारली. माणसं खुशाल चढली आणि गेली उलट्या दिशेला."

"अगं बाई! हे कधी सांगितलं नाहीत!"

तिचा हात रेकॉर्डच्या बटणाकडे गेला. बाबा त्या हाताकडे बघत थांबले. तिने हात मागे घेतला, हेडफोन काढून साड्यांवर टाकले, आणि स्टुलाशेजारी जमिनीवरच मांडी घातली.

"मग?" ती म्हणाली. "कऱ्हाडला पोचलेल्यांनी काय केलं?"